गिअरच्या दांड्याखाली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फेब्रुवारी २०१२ मधली गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन कोल्हापूरला करायचं ठरलं होतं आणि तिला आणायला मी रत्नागिरीला गेलो होतो. गाडी माझी, १९९९ सालची मारुती ८००, चार गिअरची. परतताना आंबा घाट चढत होतो. पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक, मागे एसटी. ट्रक एका वळणावर अगदीच मंदावला, तेव्हा मी तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेलो. दांडा डावीकडे घेतला, खाली ओढला, क्लच सोडला आणि गाडीनं एक आचका देऊन मान टाकली. दुसरा म्हणून पडला होता तो चौथा गिअर.

चढावर गाडी बंद पडली म्हणून कुणी मरत नाही. हँडब्रेक ओढायचा, पुन्हा सुरू करायची, पहिला टाकायचा. मीही तेच केलं. पण पहिला पडेना. दांडा वाडग्यातल्या चमच्यासारखा गरागरा फिरत होता आणि कुठल्या घरात जातोय ते हाताला समजत नव्हतं. तिसऱ्या प्रयत्नात पहिला लागला असं वाटून क्लच सोडला, तर पुन्हा आचका, म्हणजे तो तिसरा होता. तोवर हँडब्रेकवर गाडी वीतभर मागे सरकली होती. मागच्या एसटीच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही, याबद्दल मी त्या अनोळखी माणसाचा आजही ऋणी आहे. आक्का म्हणाली, "अरे, मी उतरून चालू का थोडं?" तिला एका डोळ्यानं धड दिसत नव्हतं आणि बाजूला दरी होती. मी जरा जोरातच "बसून राहा" म्हटलं. चौथ्या वेळी दांडा मांडीला टेकेल इतका डावीकडे दाबून वर ढकलला तेव्हा पहिला लागला. पुढचा घाट पहिल्या आणि तिसऱ्यावरच चढलो.

खरं तर दांडा गेलं वर्षभर सैल होत चालला होता. पण सैलपणा असा रोज केसाएवढा वाढतो की हात त्याच्याशी जुळवून घेतो. दुसरा टाकताना थोडं जास्त डावीकडे दाबायचं, रिव्हर्सच्या आधी एकदा पहिल्यात घालून काढायचं, अशा खोड्या आपण गाडीच्या म्हणून सांगतो. दुरुस्ती मात्र करत नाही. माझी गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला दिली की तो म्हणायचा, "काका, गिअर सापडत नाही." मी वर ऐटीत सांगायचो, "सवय लागते." ती सवय घाटात, चढावर, घाईत उपयोगी पडत नाही हे त्या दिवशी समजलं.

कोल्हापुरात आल्यावर गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथल्या तरुणानं एक चक्कर मारली आणि सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आत सिंक्रोनायझर गेलेत, उतरवतोच आहोत तर क्लच प्लेटही बदलून टाकू. अठरा हजारांचा आकडा कागदावर लिहून दिला. २०१२ साली माझ्या त्या गाडीची सगळी मिळून किंमत पन्नास हजारांच्या पुढे नसेल. घरी आमच्या सौभाग्यवतींनी कागद वाचला आणि "मग विकूनच टाका" असा सोपा उपाय सांगितला.

मी विकली नाही, आणि अठरा हजारही दिले नाहीत. आमच्या भागात एक जुने मिस्त्री आहेत. त्यांनी गाडी चालवून पाहिली नाही. खड्ड्यावर घेतली, स्वतः खाली उतरले आणि मला म्हणाले, "साहेब, इंजिन बंदच ठेवा. दांडा नुसता डावीकडं-उजवीकडं हलवा. गिअर टाकू नका." मी हलवला. "हलवा की." "हलवतोय," मी म्हटलं. खालून हसण्याचा आवाज आला. "वर हलवताय तुमी, खाली काय बी पोचत नाही. या, बघा." मग त्यांचा पोरगा आत बसला आणि मी खड्ड्यात उतरलो. दांडा चांगला तीन बोटं हलत होता. त्याला जोडलेली लोखंडी दांडी आधी नुसती थरथरत होती आणि मग शेवटी कुठेतरी जराशी फिरत होती. मधल्या सांध्यात रबराचा जो गोल तुकडा असायला हवा, त्याच्या जागी काळा चुरा होता. दुसऱ्या सांध्यातला नायलॉनचा तुकडा तडकून अर्धा पडून गेला होता. गिअरबॉक्सचा काहीच दोष नव्हता. आमचा निरोपच तिथवर पोहोचत नव्हता.

हे समजायला जरा गाडीच्या पोटात डोकवावं लागेल. जुन्या जीपमध्ये गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसवलेला असे. हात आणि गिअर यांच्यामध्ये दुसरं फारसं काही नाही. त्यामुळे जीपचा गिअर जड असेल, कुरकुर करेल, पण कुठला पडला ते हाताला नक्की कळायचं. आपल्या फियाटचं, म्हणजे पद्मिनीचं, तसं नव्हतं. तिचा दांडा स्टिअरिंगला लागून, गिअरबॉक्स खाली आणि मध्ये कांड्यांची आणि सांध्यांची मालिका. मुंबईच्या टॅक्सीत बसलेल्या पिढीनं हे दृश्य पाहिलेलं असेल: सिग्नलला गिअर अडकतो, ड्रायव्हर शांतपणे उतरतो, बॉनेट उघडतो, आत हात घालून एक कांडी ढकलतो, बॉनेट आपटतो आणि परत येऊन बसतो. मीटर चालूच. त्या सांध्यांमध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे, चामड्याच्या चकत्या, कधी सुतळीसुद्धा भरलेली मी पाहिली आहे. मुंबईत २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आणि तिच्याबरोबर हे दृश्यही.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली. तिचं इंजिन पुढे आणि आडवं, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, पुढचीच चाकं ओढणार. दांडा मात्र दोन सीटांच्या मध्ये. म्हणजे हात इकडे आणि गिअर बॉनेटखाली. मधलं अंतर गाडीच्या तळाखालून जाणाऱ्या दोन दांड्यांनी भरून काढलेलं. त्यातली एक काम करणारी. तुम्ही दांडा पुढे-मागे केला की ती पुढे-मागे सरकते आणि गिअर घालते. दांडा डावी-उजवीकडे केला की ती स्वतःभोवती किंचित वळते आणि कुठल्या रांगेतला गिअर ते ठरवते. दुसरी दांडी काहीच करत नाही असं वाटतं. ती एका टोकाला गिअरबॉक्सच्या अंगाला आणि दुसऱ्या टोकाला दांड्याच्या बैठकीला बांधलेली असते. पण तिचंही काम आहे. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेलं असल्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला की ते डुलतं. ते डुललं की ही दुसरी दांडी दांड्याच्या बैठकीलाही तितकंच डोलवते, म्हणजे हात आणि गिअरबॉक्स यांच्यातलं अंतर कायम राहतं. तसं नसतं तर खड्ड्यात आदळताच गिअर सुटून आला असता.

या दोन्ही दांड्यांच्या सांध्यांत बुश असतात. बुश म्हणजे पिन आणि तिचं भोक यांच्यामध्ये घातलेली नळी. लोखंडावर लोखंड घासू नये, खडखड होऊ नये आणि झीज झालीच तर स्वस्तातल्या तुकड्याची व्हावी, यासाठी. कुठे रबराची, कुठे नायलॉनची. बोटाच्या पेराएवढी. ती झिजली की काय होतं त्याचा हिशेब सोपा आहे. दांड्याचा टेकूच्या खालचा भाग आखूड, वरचा लांब. समजा वरचा खालच्याच्या चौपट आहे. मग खाली एक मिलिमीटर प्ले झाला की वर मुठीपाशी चार मिलिमीटर होतो. असे तीन सांधे एकेक मिलिमीटर झिजले की मूठ सव्वा सेंटिमीटर नुसतीच हलते, आणि तेवढं हलेपर्यंत गिअरबॉक्सला पत्ताच नसतो.

आता आंबा घाटात काय झालं ते बघा. बहुतेक गाड्यांत न्यूट्रलला दांडा सोडला की तो स्प्रिंगमुळे आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत येतो. दुसरा हवा तर त्याला डावीकडे दाबून पहिल्या-दुसऱ्याच्या रांगेत न्यावं लागतं आणि मग खाली. मी डावीकडे दाबलं, पण ते सगळं दाबणं झिजलेल्या बुशांनी खाऊन टाकलं. दांडी वळलीच नाही. मी खाली ओढलं तेव्हा ती तिसऱ्या-चौथ्याच्याच रांगेत होती. खाली चौथा होता, तो पडला. चढावर हे परवडलं. उलट प्रकार, म्हणजे वेगात उतारावर तिसऱ्याऐवजी भलताच पहिला पडणं, याची कल्पना करवत नाही. इंजिन किंचाळेल आणि पुढची चाकं जागीच धरली जातील.

दोष कुठे आहे हे ओळखायला मिस्त्रींनी मला जे शिकवलं ते सांगून ठेवतो, कारण गाडी चालवणाऱ्या कुणालाही ते करता येतं. सपाट जागी इंजिन बंद करून सगळे गिअर घालून बघायचे. एखादा दात समोरासमोर आल्यामुळे अडतो, तेव्हा गाडी न्यूट्रलमध्ये वीतभर ढकलून पुन्हा बघायचं. बंद गाडीत गिअर अलगद पडतात आणि चालू गाडीत पडताना किरकिर करतात, विशेषतः रिव्हर्स, तर क्लच पूर्ण सुटत नाही. बंद-चालू दोन्हीकडे जड किंवा चुकीचे पडतात तर बाहेरचे सांधे आधी बघा. बरोबर पडतो पण जोर दिला की सुटून न्यूट्रलला येतो, तर इंजिन फाउंडेशन बसलं असेल, नाहीतर मग खरंच गिअरबॉक्सच्या आत काही झालं असेल. आणि नुसता वेगात गिअर बदलताना एखादाच गिअर दाणे चावल्यासारखा आवाज करतो, तेव्हा सिंक्रोनायझरचं नाव घ्यायचं. माझ्या गाडीत तसा आवाज कधीच आला नव्हता, आणि वर्कशॉपच्या त्या तरुणानं मला तसं विचारलंही नव्हतं. गाडीखाली बघताना मात्र खड्डा किंवा रॅम्प हवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. घोड्या लावल्याशिवाय तर नाहीच.

मिस्त्री म्हणाले, कंपनीचा बुश सेट आणा, दीडशे-दोनशेला मिळतो, तासाभराचं काम आहे. इथेच मी शहाणपणा केला. मला वाटलं, जे रबर बारा वर्षांत चुरा झालं तेच पुन्हा कशाला? कोल्हापुरात राहतो, उद्यमनगर हाकेच्या अंतरावर. जिथे ऑइल इंजिनं आणि पंपांचे भाग होतात तिथे चार बुश करून घेणं म्हणजे काय? एकदाच गनमेटलचे बुश बसवू, गाडी संपेल पण बुश संपणार नाहीत. मिस्त्रींनी मान हलवली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "बघा करून," एवढंच.

लेथवर बसलेल्या माणसाला मी जुने तुकडे दिले आणि मापं घेतली. पहिले चार बुश सुंदर झाले, सोन्यासारखे चमकत होते, पण बसवून बोल्ट आवळला आणि दांडा जागच्या जागी गच्च झाला. कारण साधं होतं. सांध्यातली आतली पोलादी नळी बुशपेक्षा केसभर लांब असावी लागते. बोल्ट आवळला की दोन्ही बाजूच्या चकत्या त्या नळीवर टेकतात आणि बुश मोकळा राहतो. आमची नळी बुशपेक्षा आखूड झाली होती, म्हणून बोल्टनं बुशलाच चिमटलं. पुन्हा उद्यमनगर, पुन्हा लेथ, बुशची तोंडं जराशी घासून घेतली. मग बसलं.

आणि काय सांगू! गिअर बदलताना खटका ऐकू यायचा, आणि हाताला तो एखाद्या चांगल्या कुलपासारखा जाणवायचा. दुसरा म्हणजे दुसराच. दोन बोटांनी गिअर पडायचे. पंधरा दिवस मी कारण नसताना गाडी काढत होतो. जावयांना मुद्दाम चालवायला दिली. त्यांनी तारीफ केली आणि शेवटी विचारलं, "पण बाबा, हा आवाज कसला येतोय?"

आवाज मला ऐकू येत नव्हता असं नाही. मी तो ऐकत नव्हतो. सिग्नलला गाडी उभी असली की दांड्याची मूठ हाताला मुंग्या येतील अशी थरथरायची. चाळीसच्या आसपास वेगात एक बारीक गुणगुण सुरू व्हायची ती थेट पायाखालच्या पत्र्यातून. साठला ती वाढून मधल्या डब्यातली सुटी नाणी नाचायला लागायची. आपल्या जुन्या एसटीत बॉनेटशेजारी बसलेल्यांना ड्रायव्हरच्या हाताखालचा तो लांबलचक थरथरता दांडा आठवत असेल. माझ्या छोट्या गाडीनं तसाच सूर धरला होता.

मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "साहेब, ते रबर तिथं कापूस घातल्यागत घातलंय. इंजिनचा आवाज वर येऊ नये म्हणून. तुमी कापूस काढला आणि कानात घंटा बांधली." नंतर विचार केला तेव्हा पटलं. ती दुसरी, काही न करणारी दांडी थेट गिअरबॉक्सला बांधलेली. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर ठेवून कंपनीनं त्याची थरथर बॉडीपासून तोडली होती. मी गनमेटल घालून लोखंडाचा पूल बांधला आणि सगळी थरथर त्या पुलावरून पायाखाली आणली.

तरी मी हट्टानं तसंच ठेवलं. आवाजाची सवय लागते, हे माझं जुनं वाक्य होतंच. मग जुलै आला. कोल्हापूरचा पाऊस, खड्ड्यांतलं लाल पाणी, शेतातल्या रस्त्यांचा चिखल. गनमेटलच्या बुशला ग्रीस लागतं, आणि गाडीच्या तळाखाली उघड्यावर असलेल्या सांध्यातलं ग्रीस चिखल पकडून ठेवतं. बारीक वाळू आणि ग्रीस यांचा जो लगदा होतो, तो व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखंच काम करतो. ऑगस्टमध्ये गिअर पुन्हा जड झाले आणि थोडा प्लेही जाणवायला लागला. उघडून पाहिलं तर बुश बऱ्यापैकी शाबूत, पण आतल्या पिनवर चर पडलेला. जे तुकडे टिकावेत म्हणून मी खटपट केली ते टिकले होते. पण ज्याची झीज होऊ नये म्हणून बुश असतो ती पिनच त्यांनी खाल्ली होती. रबराचा बुश दोनशेला, पिनसकट नवी दांडी त्याच्या कितीतरी पट.

मग आम्ही दोघांनी बसून एकेक सांधा वेगळा विचारात घेतला. खरं तर हे आधी करायला हवं होतं. ज्या सांध्याचं काम फक्त वळणं आणि सरकणं आहे, तिथे कडक वस्तू चालते, उलट हवीच. ज्या सांध्याचं काम थरथर गिळणं आहे, तिथे मऊच पाहिजे. पहिल्या प्रकारात दांड्याच्या बुडाचा वाटीसारखा टेकू आणि काम करणाऱ्या दांडीचा दांड्याजवळचा सांधा. दुसऱ्यात ती डुलणारी दांडी, दोन्ही टोकं.

कडक म्हणजे गनमेटलच असं नाही. नायलॉन घसरतं चांगलं, पण पाणी पितं आणि फुगतं. पावसाळ्यात गिअर जड आणि उन्हाळ्यात सैल हा अनुभव त्यातूनच येतो. ॲसिटल म्हणून एक प्लॅस्टिक मिळतं, डेलरिन या व्यापारी नावानं दुकानदारांना जास्त माहीत आहे. ते पाणी फारसं पीत नाही, लेथवर छान कापलं जातं, आणि ग्रीस नसलं तरी चालतं, म्हणजे चिखल धरून ठेवायला काही उरत नाही. उद्यमनगरात त्याचे पांढरे-काळे गोल बार सहज मिळतात. त्याचे दोन बुश केले. बाकीच्या ठिकाणी कंपनीचं रबर. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हा मधला मार्ग काही हौशी मंडळी घेतात. रबरापेक्षा कडक, तेलाला दाद न देणारं. पण ते कोरडं पडलं की दार उघडताना बिजागरी करकरते तसं करकरतं, आणि थरथरही रबरापेक्षा जास्तच वर येते. ज्यांना गाडी पळवायची आहे त्यांनी घालावं. मला आक्काला डॉक्टरांकडे न्यायचं होतं.

बसवण्यातल्या दोन गोष्टी. रबर घालताना हात तेलाकडे जातो. तेल लावू नये, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस रबर फुगवून मऊ करतं आणि वर्षभरात त्याचा लगदा होतो. साबणाचं पाणी लावायचं, व्हाइसमध्ये धरून मोठ्या सॉकेटनं हळूहळू दाबायचं, पाणी वाळून जातं. आणि बोल्ट शेवटचा आवळायचा तो दांडा न्यूट्रलमध्ये, मोकळा सोडून. दांडा एका बाजूला ताणलेला असताना आवळला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मिस्त्रींच्या पोरानं हे पहिल्या वेळी विसरून केलं तेव्हा त्यांनी त्याला जे सुनावलं ते नभोवाणीवर सांगण्यासारखं नाही.

सगळं मिळून खर्च, लेथवाल्याची मजुरी धरून, आठशे रुपयांच्या आत आला. गनमेटलचा आधीचा खर्च आणि चर पडलेली दांडी त्यात धरलेली नाही. ती माझ्या हौसेच्या खात्यावर. मूठ आजही किंचित हलते, नव्या गाडीइतकीच. खटका ऐकू येत नाही. पण दुसरा म्हटला की दुसराच पडतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये आक्काच्या दुसऱ्या डोळ्याच्या वेळी आंबा घाट पुन्हा चढलो. या खेपेला तिला पुढचं सगळं स्पष्ट दिसत होतं, आणि ट्रकच्या मागे मी दुसरा टाकत असताना तिची नजर रस्त्यावर नव्हती, माझ्या डाव्या हातावर होती. पडला तेव्हा ती काही बोलली नाही. पिशवीतून एक लाडू काढून मला दिला.

२०१९ मध्ये रबरं पुन्हा बदलली, तीही सात वर्षांत चिरली होतीच. ॲसिटलचे दोन तुकडे काढून पुसले आणि तसेच परत घातले. २०२४ मध्ये गाडीला पंचवीस वर्षं झाली.

नव्या गाड्यांमध्ये दांड्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी दोन केबल असतात, एक पुढे-मागे साठी, एक आडवी. केबल थरथर फारशी आणत नाही, हे तिचं चांगलं. पण केबलच्या टोकाला जो डोळा असतो त्यातही बुश असतोच, बहुधा प्लॅस्टिकचा, आणि तो इंजिनच्या धगीजवळ. तो चुरला की दांडा सैल होत नाही, एका क्षणी मेल्यासारखाच होतो: मूठ फिरते आणि गाडीला काही कळत नाही. हा बुश किती क्षुल्लक आणि किती महत्त्वाचा ते फोर्ड कंपनीच्या उदाहरणावरून कळतं. जून २०२२ मध्ये अमेरिकेत त्या कंपनीनं सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या, त्या गिअर केबलच्या टोकाचा बुश झिजून सुटू शकतो या कारणानं. त्या ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्या होत्या. ड्रायव्हरला वाटायचं गाडी पार्कमध्ये घातली, काट्यावरही तसंच दिसायचं, आणि गिअरबॉक्सपर्यंत ते पोहोचलेलंच नसायचं. ड्रायव्हर उतरला की गाडी आपली चालू लागण्याची भीती. उपाय म्हणून नवा बुश आणि त्यावर एक टोपण.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. केबलच्या टोकाचा तो तुकडा बऱ्याचदा सुटा मिळत नाही. अख्खी केबल घ्या म्हणतात. जावयांच्या गाडीचं मध्यंतरी तेच झालं. केबलचा आकडा ऐकून ते माझ्याकडे आले, मी त्यांना घेऊन मिस्त्रींकडे. मिस्त्री आता खड्ड्यात उतरत नाहीत, गुडघे राहिले नाहीत. काठावर खुर्ची टाकून पोराला सांगतात. तुटका तुकडा त्यांनी तळहातावर फिरवून पाहिला आणि मला विचारलं, "त्या पांढऱ्या बारचा तुकडा उरलाय काय घरात?" उरला होता. उद्यमनगरात नेऊन कापून आणला, तोंडाशी बारीक खाच केली, दाबून बसवला, वरून तारेची क्लिप घातली, सुटू नये म्हणून. मिस्त्रींनी जावयांना बजावलं, दर महिन्याला बॉनेट उघडून क्लिप जागेवर आहे का ते बघायचं, आणि जरा जरी सैल वाटलं तर गाडी घाटात न नेता आधी इकडं आणायची. तीन महिने झाले, गिअर व्यवस्थित पडतात. त्या बुशनं अजून पावसाळा पाहिलेला नाही.